ओल्या चेहऱ्यावर

पावणेसहाची पालम माझी.
गंगाखेडात साडेचारला तोंड धुते मी.
आधी साबण लावायचे, कपड्याचा,
हाताला लागेल तो.
मग चेहरा ओढायचा चिंचेच्या टरफलासारखा,
हसू आलं की कडेनं तडकायचा.
आठ वर्षं दाराशी उभी आहे:
इसादची धूळ, माखणीची धूळ,
कापसाच्या टेम्पोमागून उडणारी आणखी वेगळी,
आणि नोटा मोजून मोजून
बोटांच्या पेरांनाही नोटांचा रंग.

शाहिस्ताचं पार्लर स्टँडच्या मागं,
पंक्चरवाला आणि झेरॉक्सच्या मधे. एकच खुर्ची.
नणंदेच्या साखरपुड्याआधी गेले होते भुवया कोरायला.
तिनं दोरा दातात धरला,
माझी हनुवटी वर केली
आणि थांबली.
"बाजी, हे काय करून घेतलं तोंडाचं?"
दोरा दातातच, म्हणून बोबडं आलं ते.
तिकीट, सुट्टे, गाडी कधी सुटणार,
याखेरीज कुणी मला काही विचारलं
त्याला किती दिवस झाले होते, आठवेना.

म्हटलं, गोरं व्हायची क्रीम दे एखादी.
"ती मी ठेवत नाही.
गोरं होऊन जायचंय कुठं? पालमलाच ना?"

मग सांगितलं. मी तिकिटाच्या रोलमागं लिहून घेतलं.
साबण बंद. आधी तो.
तोंड धुतलं की खसाखसा पुसायचं नाही,
ओलं असतानाच मलई लावायची,
रांजणावर झाकण ठेवतो तशी,
म्हणजे आतलं पाणी आत राहतं.
ग्लिसरीन, त्यात गुलाबपाणी, छोट्या बाटलीत, पर्समध्ये.
उन्हाची क्रीम महाग आहे, तरी घे,
साखरपुड्याच्या साडीत शंभर कमी कर.
पावडर नको. धुळीवर धूळ कशाला?
लिपस्टिकचा एक ठिपका ओठांना,
तेच बोट गालांवर, दोन्हीकडं,
इतकं पसरव की कुठं सुरू झालं कळू नये.
काजळ वरच्या पापणीला. खाली लावलंस
तर जागरण खाली उतरतं.

पंधरा दिवसांनी फुलारी ड्रायव्हर आरशातून म्हणाले,
"आता बरं वाटायलंय का मॅडम?
मागं लई दिवस आजारी दिसायल्यात."
मी आजारी नव्हते.
हे त्यांना सांगितलं नाही.
घरी कुणाच्या लक्षात आलं नाही,
नणंदेच्या आलं; तिनं बाटली हुंगली
आणि अर्धी संपवली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी इसादच्या फाट्यावर
एक म्हातारी चढली. कौतिकाबाई.
तिला शून्याचं तिकीट दिलं,
घेताना कागद तिच्या बोटांना अडकला,
इतकी बोटं खरबरीत. कापूस वेचलेली,
बोंडांनी चिरलेली, चिरांत काळं बसलेलं.
"बँकेत चाललेय माय. तिसरी खेप.
मशीन म्हणतंय, हा अंगठा माझा न्हाईच."

गाडीत गर्दी नव्हती.
मी शेजारी बसले, बाटली काढली.
ती हात मागं घेत म्हणाली,
"काय लावायलीस गं? मला कुठं लग्नाला जायचंय?"
तरी दिला हात.
एकेका पेरावर थेंब टाकून चोळत राहिले,
माखणीचा थांबा आला, घंटी मारायची राहिली,
फुलारी ओरडले.
पालमला उतरताना सांगितलं,
मशीनवर ठेवायच्या आधी पदरानं पूस.

दुपारच्या परतीला ती स्टँडवर होती,
दगडावर बसलेली, पिशवी मांडीत.
"उमटला का?"
"दोनदा न्हाई. मग उमटला.
तिथला पोरगा म्हणला, आजी, आता तुम्ही तुम्हीच हाव."
हे सांगून झाल्यावर ती बसमध्ये चढली
आणि इसाद येईस्तोवर
आपलाच हात नाकाशी धरून बसली.

उतरताना तिनं अंगठा माझ्या गालावर ठेवला, दाबला जरासा,
शाई लावल्यासारखा.
"ओल हाय," म्हणाली, आणि पायरी उतरली.
माझ्या बोटभर लाल रंगाचा
एक डाग तिच्याबरोबर गेला.
मी घंटी मारली. दोनदा.